पुढच्या वर्षीचा नंबर

पहाटे साडेपाच. मालाडच्या सातव्या मजल्यावर
तिकडची गुरुवारची संध्याकाळ उजाडते.
माझं काम एवढंच :
कुठल्या संघानं कुठला नंबर कुणाला दिला,
बदल्यात काय घेतलं,
ते रकान्यात भरायचं.
चुकलं तर चार मिनिटांत मेल.

अमेरिकन फुटबॉल मी मैदानात पाहिलेला नाही.
चेंडू असोल्या नारळासारखा, तसाच तपकिरी,
आणि नावात पाय असून
पाय क्वचितच लावतात.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती.
"रात्रभर विकता तरी काय गं तुम्ही?"
"रांगेतल्या जागा."

बत्तीस संघ, सात फेऱ्या.
वर्षभरात जो सगळ्यांत जास्त हरला
त्याला पहिली निवड,
करंडक नेला तो बत्तिसावा.
दोघं सारखेच हरले
तर बघतात समोर कोण होतं.
ज्याला दुबळे मिळाले त्याचा नंबर आधी :
दुबळ्यांपुढचं हरणं
जास्त खरं धरतात.

"म्हणजे शेवटच्याला पहिलं पान," आई म्हणाली.
"मग मुद्दाम नाही का हरत कुणी?"

ह्याच प्रश्नावर तिकडे
मोठमोठे लोक टाय सैल करून भांडतात.
तिनं एक खडा काढून
खिडकीबाहेर टाकला.

"आणि जागा विकायची कशी?"
म्हटलं, आई, भिशी.

अठरा वर्षं चालवतेय ती. बारा बायका,
गुलाबजामच्या रिकाम्या डब्यात बारा चिठ्ठ्या.
फिलोमिना डिमेलोला डिसेंबर लागला होता
आणि लेकीची नर्सिंगची फी जूनमध्ये.
जून होता नझमा खोतकडे.
तेव्हा फिलोमिनानं डिसेंबर दिला,
वर पुढच्या भिशीतला आपला नंबर, जो येईल तो.
जिन्यातच ठरलं. नझमाच्या हातात कोथिंबीर होती.

तस्संच. सोळावा हवा तर आपला एकविसावा द्यायचा,
वर तिसऱ्या फेरीतला एक,
तरी तागडी वर राहिली
तर पुढच्या वर्षीची दुसरी फेरी.
तक्ता असतो त्याचा. पहिल्या नंबराला खंडीभर गुण,
शेवटच्याला चिमूट.
जुळलं की फोन ठेवतात. घड्याळ चालूच असतं.

आईचा हात सुपात थांबला.
"भिशीत पैसे असतात. पैशाला नाव नसतं.
तुमच्या चिठ्ठीत काय?"
"मुलगा."
"कुणाचा?"

मला माहीत नव्हतं.
पुढच्या वर्षीचा अजून कॉलेजात खेळतोय.
त्याच्या मागचा, दोन वर्षांनंतरचा,
बहुतेक एकोणीसचा असेल, गुडघा दुखत असेल,
घरी सांगितलं नसेल.
आज माझ्या रकान्यात तो
तीनदा शहर बदलून गेला.
नावाची जागा रिकामी ठेवायची,
तसा नियमच आहे.

फिलोमिना दिवाळीनंतर नायगावला राहायला गेली.
पुढच्या भिशीत तिची चिठ्ठीच नव्हती.
नझमा काही बोलली नाही,
डबा हलवताना फक्त दुसरीकडे बघत होती.
आईला फेब्रुवारी लागला. तो तिनं नझमाला दिला.
बदल्यात काय, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी पहाटे सातवी फेरी संपली.
अडीचशेच्या पुढचा कुणीतरी, सोफ्यावर, मामा-मावश्यांच्या मध्ये,
तीन दिवस तोच शर्ट घातल्यासारखा,
फोन वाजला तेव्हा उठायचंच विसरला.

"शेवटी कुणाला घेतलं?" आईनं दारातच विचारलं.
ऑफिसात हे कुणी विचारत नाही.
मी नाव वाचलं. तिला ते म्हणता येईना.
"आमच्यात त्याला लिंबूटिंबू म्हणायचे," ती म्हणाली.
"बाद झाला तरी खेळायचा."

मग चहा टाकला,
आणि त्याचं नाव
अजून एकदा म्हणून बघितलं.